सोड आणि ओढ

११ फेब्रुवारी, मंगळवार

ती. दादा,

नमस्कार. पुढे 'साष्टांग' लिहिणार होते, पण हात अडला, तेव्हा नुसत्या नमस्कारावर भागव. इकडे सगळं ठीक. आईचं खोकल्याचं औषध संपत आलं होतं, ते आणून दिलं. थंडीत तुझी टाच दुखते असं कळलं. शेकत जा.

पत्र बघून तुला वाटलं असेल, हिला आता हे काय सुचलं. फोन केला असता, पण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. ड्रायव्हिंग शिकवणाऱ्याची खोड आहे ती. शेजारच्यानं जरा मनासारखं केलं की तुझा पाय तुझ्या बाजूच्या ब्रेकवर जातो. कागदाला तसला ब्रेक नसतो. तू तो फाडशील, पण वाचून झाल्यावर फाडशील, एवढी ओळखते तुला.

तर तीन आठवड्यांपूर्वी तू आईला फोन केलास. म्हणालास, तुझी लेक, म्हणजे मी, या वयात कड्यांवर चढायला लागलीय, कोर्स नाही, शिक्षक नाही, आणि दोर धरतो कोण तर तो. "मला सोडलं, आता हिलाही सोडेल." आईनं हे मला शब्दाला शब्द सांगितलं, मध्ये दोनदा डोळे पुसून. मग तिनं माझ्या नवऱ्याला बोलावून घेतलं आणि त्याच्याकडून वचन घेतलं की तो माझा दोर पुन्हा धरणार नाही. आणि त्या शहाण्यानं ते दिलं. घरी येऊन दोर गुंडाळला, पिशवीत भरला, पिशवी कपाटावर टाकली आणि कुठल्याशा इमारतीतली लिफ्ट अडकली होती ती सोडवायला निघून गेला.

मला त्याच्या हातात तो दोर परत हवा आहे. पत्र त्यासाठीच आहे. बाकी जे लिहीन तो राग आहे, तोही वाच.

'मुका' हे नाव त्याला तूच दिलंस. तो कमी बोलतो म्हणून. आमचं लग्न ठरलं तेव्हा भर घरात म्हणाला होतास, "माझ्या बहिणीला लग्नाआधीच मुका मिळाला," आणि मी लाजून स्वयंपाकघरात पळाले होते. तेव्हा तुझे विनोद मला आवडायचे. तुमची दोघांची जोडीही आवडायची. रविवारी पहाटे निघायचात, संध्याकाळी खरचटलेली कोपरं घेऊन यायचात, आणि तू बोलायचास, तो मान हलवायचा.

मग तू पडलास. त्यानंतर आपल्या घरात एक वाक्य राहायला आलं: "त्यानं सोडलं." पाव्हण्यांना सांगायचं झालं, डॉक्टरांना सांगायचं झालं, शेजाऱ्यांना सांगायचं झालं, की तेवढे दोन शब्द. नऊ वर्षं ते वाक्य आपल्याकडे जेवतंय. आणि तू त्याला खाऊपिऊ घालतोयस. मागच्या वर्षी आईकडे आपण सगळे जेवायला बसलो होतो, आठवतं? मी त्याला वरणाचं पातेलं पुढे करायला सांगितलं आणि तू म्हणालास, "जपून हं, त्याच्या हातात देऊ नका, सोडायची सवय आहे." सगळे हसले. तोही हसला. पातेलं त्यानं दोन्ही हातांनी धरलं होतं, इतकं घट्ट की बोटांची पेरं पांढरी झाली होती. ते मी पाहिलं, तू नाही.

परत येताना बसस्टॉपवर मी त्याला म्हणाले, मला कड्यावर चढायला शिकव.

तो म्हणाला, "का?"

म्हटलं, "राग आलाय म्हणून."

तो म्हणाला, "रागानं पाय घसरतो." पण शिकवलं.

आता तुझा आक्षेप, कोर्स का नाही केला. कारण गावातला एकमेव वर्ग तुझे मित्र चालवतात, आणि मी कुणाची बायको हे कळल्यावर ते मला काय शिकवतील ते मला शिकायचं नव्हतं. शिवाय तू कुठला कोर्स केला होतास? परक्या भाषेतल्या एका पुस्तकाच्या झेरॉक्स आणि बंद पडलेला ट्रक ओढायचा दोर, एवढ्यावर तुम्ही दोघांनी सुरुवात केली होती. स्वतः भिंतीवरून उडी मारून पलीकडे गेलास आणि आता आम्हाला फाटकाचा नियम सांगतोस. याला काय म्हणतात ते तुला माहीत आहे.

आम्ही घाई केली नाही. पहिले दोन महिने मी जमीनच सोडली नाही. जुन्या दगडाच्या खाणीत जायचं, छातीच्या उंचीवरची भेग शोधायची आणि त्यात पाचर बसवायची. कड्यात आधीपासून खिळे ठोकलेले नसतात, आपणच भेगेत पाचरी अडकवत वर जायचं, त्यात दोर अडकवायचा, आणि मागून येणाऱ्यानं त्या काढत यायचं, हे तुला सांगायला नको. पण आईला वाचून दाखवशील म्हणून लिहिते. मी बसवलेल्या प्रत्येक पाचरीला तो पट्टा लावायचा, पट्ट्यात पाय घालून उभा राहायचा आणि उड्या मारायचा. पाचर निघाली तर तो धपकन खाली, आणि मी पुन्हा भेगेत डोकं घालून. एकदा चक्क बसकण मारली त्यानं. उठून म्हणाला, "ही भेग आपली की दुसऱ्याची, कळलं नाही तिला." म्हणजे पाचरीला. हा त्याचा विनोद. तुझ्यापेक्षा बरा आहे.

मला हे लवकर जमलं, कारण दिवसभर मी तेच करते. लोकांच्या तोंडाचे साचे घेऊन त्यात बसतील असे दात बनवायचे. केसाएवढी फट राहिली तरी रुग्ण आठ दिवसांत परत येतो. भेगही तशीच असते. वरून छान दिसते, आत बोट घातलं की कळतं पाठीमागे पोकळ आहे. पाचर मारायची कला तर आपल्या घरात आधीपासून आहेच.

मग त्याच्या मागून चढायला लागले. तो पुढे, मी मागे, त्यानं बसवलेलं सगळं काढत. मग एक दिवस मी पुढे. सोपा उतरता दगड होता, शाळेतली मुलंही चढली असती. तरी तिसऱ्या पाचरीच्या वर मी अडकले, पुढची पकड सापडेना. दादा, त्या क्षणी मला कळलं की चढणाऱ्याचं सगळं जग त्या दोराएवढं बारीक होतं. खाली कोण उभं आहे एवढंच उरतं. खाली तो होता. मी चढले.

एक गोष्ट मला तेव्हा विचित्र वाटली होती. दोर सैल हवा असेल तर 'ढील' ओरडायचं आणि आवळून हवा असेल तर 'घट्ट', असं त्यानं पहिल्याच दिवशी माझ्याकडून घोकून घेतलं. मी म्हटलं, सरळ सोड आणि ओढ म्हणू की, तोंडात बसलेले शब्द आहेत. इतका शांत माणूस, पण एकदम म्हणाला, "ते दोन शब्द इथे उच्चारायचे नाहीत." मग बराच वेळ दोराचा गुंता सोडवत बसला. दोराला गुंता नव्हता.

मी पुढे विचारलं नाही. वाटलं, अपघाताची आठवण असेल. अर्धं बरोबर वाटलं होतं.

उरलेलं अर्धं मला कुणी सांगितलं ते लिहिताना मी मघापासून टाळाटाळ करतेय. वर वहिनीची खुशाली विचारली नाही हे तुझ्या लक्षात आलं असेल. विचारली नाही, कारण ती मला परवाच भेटली. रविवारी ती मावशीकडे जात नाही, दादा. तीन रविवार ती माझ्याबरोबर येते आहे.

तू आईला फोन केलास त्याच्या दुसऱ्या दिवशी वहिनी माझ्या कामाच्या ठिकाणी आली. मी प्लॅस्टरमध्ये कोपरापर्यंत. ती स्टुलावर बसली, पर्स मांडीवर घट्ट धरून, आणि म्हणाली, "अगं, काल यांनी फोन ठेवला आणि मला काय विचारलं माहितीये? म्हणाले, ते दोघं ओरडतात काय, सोड आणि ओढ तर नाही ना?"

मी म्हटलं, "मग?"

"मी म्हटलं, म्हणजे काय? तर म्हणाले, काही नाही. आणि टीव्हीचा आवाज वाढवला." मग ती हळू आवाजात म्हणाली, "त्या शब्दांवरून यांचं आणि तुझ्या नवऱ्याचं भांडण झालं होतं. तुला कुणी सांगितलं नाही?"

मला कुणीही सांगितलं नव्हतं. म्हणून तुलाच सांगते, बघ आठवतंय का.

तुमचं नवीन लग्न झालं होतं. वहिनी डबा घेऊन कड्याखाली आली होती. तू झेरॉक्समधल्या परक्या हाका मराठीत आणल्या होत्यास, सैल कर म्हणजे 'सोड', आवळ म्हणजे 'ओढ', आणि स्वतःवर खूश होतास. मुका म्हणाला, हे दोन्ही लांबून सारखेच ऐकू येतात, बदलू या. तू हसण्यावारी नेलंस. डबा खाताना त्यानं पुन्हा विषय काढला. निघताना तिसऱ्यांदा. एरवी दिवसभरात तीन वाक्यं न बोलणारा माणूस एका गोष्टीवर तीनदा बोलला, तेव्हा तरी थांबायचं होतंस. तू वहिनीसमोर त्याला म्हणालास, "ज्याला सोड आणि ओढमधला फरक कळत नाही, त्यानं दोर धरायला येऊ नये." नवी बायको बघत होती ना. तो गप्प बसला. नाव ठेवलंस तसा वागला.

आणि महिन्याभरानं तू कड्याच्या पुढे आलेल्या फुगवट्यावर होतास, पाय सटकत होते, खालून तू दिसत नव्हतास, आणि तू ओढ म्हणालास. त्याला सोड ऐकू आलं. त्यानं तू शिकवलं होतंस तेच केलं, दोन हात दोर सैल दिला. त्याच वेळी तू सुटलास. त्या दोन हात सैल दोरामुळे तुझी टाच खालच्या कपारीवर आदळली. हे सगळं खरं आहे. तू ओढच म्हणाला होतास, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. तू कधी खोटं बोलला नाहीस. एक वाक्य खरं सांगितलंस आणि त्याच्या आधीचं गिळलंस. खोटं बोलणारा बरा, दादा, त्याला निदान पकडता येतं.

शिवाय तू जमिनीवर आदळला नाहीस. का नाही, याचा कधी विचार केलास? त्यानं धावणारा दोर दोन्ही हातांनी पकडला. तळव्यांची साल निघाली. दवाखान्यात सगळे तुझ्या पायाभोवती होते, ते रास्तच होतं, आणि तो बाहेरच्या नळाखाली हात धरून उभा होता. आजही थंडीत त्याच्या तळव्यांना भेगा पडतात आणि रात्री मी तूप लावते. ज्याला तुम्ही 'सोडलं' म्हणता ते हात ते आहेत.

वहिनीवर माझा लगेच विश्वास बसला नाही. मला दात बसवून बघायची सवय आहे. म्हणून त्या पहिल्या रविवारी आम्ही दोघी तुझ्या कड्याला गेलो. मी मागच्या पायवाटेनं माथ्यावर गेले, झाडाला आणि दोन भेगांत दोराचा आधार बांधला, आणि दोरावरून त्या फुगवट्यापर्यंत उतरले, जिथून तू पडलास. वहिनीला मुका उभा असायचा तिथे उभं केलं. ठरलं असं की मी ओरडायचं, आणि ओढ ऐकू आलं तर तिनं पुढे येऊन उजवा हात वर करायचा, सोड ऐकू आलं तर डावा.

वारा बेताचाच होता. मी दोन्ही शब्द कसेही उलटसुलट ओरडत गेले. सुरुवातीला वहिनी झटकन हात वर करत होती. मग तिचा हात अर्ध्यावर थांबायला लागला. मी ओढ म्हणत होते आणि डावा हात वर येत होता. पुन्हा ओढ, पुन्हा डावा. वर लटकून मला उमगलं काय होतंय ते. फुगवट्यातल्या भेगेतून वारा सतत 'स्स' करत असतो, आणि आपण ओढ म्हटलं की तो आपला 'स' पुढे आणून चिकटवतो. ड आणि ढ तर खाली पोचेपर्यंत एक झालेले असतात. ध चा मा कुणी केला नाही, वाऱ्यानं केला. पण तो करेल, हे एका माणसानं आधी तीनदा सांगितलं होतं.

नंतर मी ढील आणि घट्ट ओरडले. वहिनी एकदाही चुकली नाही.

खाली आले तेव्हा ती दगडावर बसली होती. म्हणाली, "नऊ वर्षं मी त्या माणसाला साधं पाणी विचारलं नाही." मग रडली. मी नाही रडले, मला नुसता संताप येत होता, तो अजून गेलेला नाही.

घरी येऊन मी नवऱ्यासमोर उभी राहिले आणि सगळं सांगितलं. तो म्हणाला, "माहितीये मला."

"मग बोलला का नाहीस कधी?"

"त्याचा पाय गेला. माझं काय गेलं?"

काय गेलं त्याची यादी माझ्याकडे आहे, पण ती मी त्याला ऐकवली नाही. विचारलं, आता तरी माझा दोर धर. तर म्हणाला, "शब्द काही असो, ऐकलं चुकीचं मीच ना." म्हणजे आईचं वचन हे नुसतं निमित्त. आईला मी कसंही पटवीन, ती माझीही आई आहे. पण शंभर लोकांची लिफ्ट ज्याच्या भरवशावर रोज वरखाली जाते, त्या माणसाचा स्वतःच्या हातांवरचा भरवसा तू काढून घेतलास, थोडा थोडा, वरणाच्या पातेल्यासकट. तो मी परत देऊ शकत नाही. मी बायको आहे, मी त्याच्या बाजूनंच बोलणार. वहिनी देऊ शकत नाही. त्याला ते एकाच तोंडून ऐकायचं आहे, पण तो मेला तरी तसं म्हणणार नाही.

आणि तुला माहीत होतं. हे मला सगळ्यात जास्त लागलंय. बहीण कड्यावर चढते म्हटल्यावर तुझ्या तोंडून पहिला प्रश्न तोच निघाला. खाई त्याला खवखवे. नऊ वर्षं मला वाटत होतं, दादा वेदनेनं आंधळा झालाय, त्याला दिसत नाही. तुला चांगलं दिसत होतं. माझ्या काळजीपोटी विचारलंस, हेही मला कळतं. त्या एका प्रश्नाखातर तुला 'ती.' लिहिलं, नाहीतर नुसतं दादा लिहून कागद सुरू केला असता. पण काळजी होती तर मला विचारायचंस. आईला फोन करून त्याच्या नावानं खडे फोडलेस. चोराच्या उलट्या बोंबा, त्याही आईच्या कानात.

लंगडतोस त्याचं मला वाईट वाटतं. रोज वाटतं. तू कड्यावर काय दिसायचास ते मी पाहिलंय. पण माझी दया आणि तुझा पाय यांच्या आड तू आता लपू शकत नाहीस. ती जागा भरली.

तेव्हा ऐक. येत्या रविवारी मी तुझ्या कड्यावर चढणार आहे. पुढे मी. खालून, पाचरी बसवत, त्या फुगवट्यावरून वर. जमेल असं मला वाटतं, मुक्यालाही वाटतं. तो येतो, पाठमोरा बसतो, दोराला बोट लावत नाही, आणि मान न वळवता वहिनीला सांगतो, "खालचा हात दोरावर." कारण गेले दोन रविवार माझा दोर वहिनी धरते आहे. सोप्या दगडावर. या रविवारचा दगड सोपा नाही.

तू तिथे यायचंस आणि त्याला सांगायचंस की त्यानं तीनदा सांगितलं होतं. माफी माग असं मी म्हणत नाही, ती तुला झेपायची नाही. एवढं एकच वाक्य, सगळ्यांसमोर, आईला गाडीत घालून आणलंस तर उत्तम. मग तो दोर धरेल. तू आला नाहीस तरी मी चढणार आहे, आणि मग पुढे काही झालं तर कुणी सोडलं म्हणायचं ते तूच ठरव, तुला सराव आहे.

खाली वहिनीनं स्वतःच्या हातानं चार ओळी लिहिल्या आहेत. मी त्यात शब्द घातलेला नाही.

पाठीवर पाठ लावून आलेली, आणि आता पाठ फिरवायला तयार असलेली,
तुझी धाकटी

अहो,
मी मावशीकडे जात नव्हते. तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता. रविवारी तुम्ही आलात तर दोर त्यांच्या हातात राहील, नाही आलात तर माझ्या.
मला अजून नीट येत नाही.